न वाळलेलं अक्षर

१

कागद जरासा तिरका लागलाय असं वाटून तुरीडने तो सरळ करायला हात लावला, आणि तिची बोटं काळी झाली.

तिने आधी बोटांकडे पाहिलं, मग भिंतीकडे. ग्रोवोगच्या बंदरावरचं ते छोटं संग्रहालय तीच चालवत होती आणि प्रदर्शन दुपारी उघडायचं होतं. एका जुन्या नाउस्टच्या, म्हणजे किनाऱ्यावर होडी ठेवायच्या लाकडी खोपटाच्या, फळ्या आणून तिने भिंतीला ठोकल्या होत्या. त्यांवर बारीक खिळ्यांनी आख्खी नॉर्वेजियन वर्णमाला लावली होती. एकेक अक्षर कमरेइतक्या उंच कागदावर, तळहाताहून रुंद फटकाऱ्यांनी काढलेलं. कडा फाटल्यासारख्या, कुंचला कोरडा पडला तिथे ओरखडे, मध्येच उडालेले शिंतोडे. ही शाई वीस वर्षांपूर्वीची होती. ती बोटांना लागायचं काही कारणच नव्हतं.

तिने शेजारची अक्षरं चाचपून पाहिली. सगळी खडखडीत कोरडी. ओलं होतं ते एकच, Ø. मोठा गोल, आणि त्याला छेदून गेलेला तिरपा फटकारा.

याच अक्षरांवरून ओडवार हेल्लेने ‘नाउस्ट’ नावाचा फॉन्ट केला होता आणि तो कुठल्या कुठे पोचला होता. भुताच्या सिनेमांची पोस्टरं, खुनाच्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं, काळ्या कपड्यांतल्या बँडचे शर्ट, सुक्या मासळीची पाकिटं, फेरीबोटीवरचे कॉफीचे कप. काहीतरी खडबडीत, खारं, जरा अंगावर येणारं सांगायचं असलं की लोक नाउस्ट लावत. ओडवार आता ओस्लोला राहायचा. प्रदर्शनासाठी आला होता आणि बंदरावरच्या हॉटेलात उतरला होता. तुरीडने त्याला लगेच फोन केला.

तो आला आणि Ø समोर उभा राहिला. उंच, दाढी पांढरी झालेली, पाऊस अजून कोटावरून निथळत होता.  मग जवळच्या खोक्यावर खाली बसला.

“हे माझं नाही,” तो म्हणाला. “माझा कागद कुणीतरी नेलाय. हा हात तिचा आहे.”

“कुणाचा?”

“सिनोवचा.”

सिनोव ही त्याची होणारी बायको. ती वीस वर्षांपूर्वी होडी घेऊन गेली होती आणि परत आली नव्हती.

२

हेर्दिस आमोट ही ग्रोवोग आणि आसपासच्या बेटांसाठी असलेली एकुलती एक पोलीस अधिकारी. दहाएक वर्षांपूर्वी ती बदलीवर इथे आली आणि इथलीच होऊन गेली. चोरीची खबर मिळाली तेव्हा तिच्या हातात फेरीवरची कॉफी होती. संग्रहालयाच्या दारात कप टाकून देताना तिचं लक्ष गेलं, की कपावरची अक्षरंही तीच होती. त्या दिवसानंतर तिला ती सगळीकडे दिसायला लागली. वाण्याच्या पाटीवर, बस-थांब्यावर, शेजारणीच्या पोराच्या पाठीवर.

बाहेर धुकं दाटून आलं होतं आणि खाडीच्या तोंडाशी भोंगा वाजत होता. हेर्दिसने कुणालाही भिंतीला हात लावू दिला नाही. जिल्ह्याच्या ठाण्यातून फोटोवाला यायला दोन दिवस लागणार होते, तोवर दालन बंद. मग ती एकटीच आत बसली आणि अक्षरं पाहत राहिली.

जुन्या कागदांवर शाई मंद, धुरकट काळी होती आणि तिला लागून असलेला कागद अगदी कडेपर्यंत स्वच्छ पांढरा. नव्या Ø भोवती मात्र पिवळसर तेलकट कड उमटली होती, तळलेला वडा कागदावर ठेवल्यावर उमटते तशी. मासळीच्या तेलाचा वासही येत होता.

हा नवा कागद कुठून आला हे शोधावं लागलं नाही. उद्घाटनाला ओडवार लोकांसमोर एक अक्षर काढून दाखवणार होता. त्यासाठी त्याने तसलेच कोरे कागद, एक चपटा कुंचला आणि बरणीभर शाई कोपऱ्यातल्या टेबलावर मांडून ठेवली होती. बरणी आता अर्धी झाली होती.

आदल्या संध्याकाळी आत चौघं होती. स्वतः तुरीड. ओडवार, ज्याने ‘जरा एकटं बसू दे’ म्हणून तासभर दालनाचं दार लावून घेतलं होतं. बियरवाला युस्टाइन, ज्याने मागच्या दाराने खोकी आणून ठेवली आणि ज्याच्याकडे त्या दाराची किल्ली होती. आणि सिनोवची म्हातारी आई बोर्गनी, जी स्वयंपाकघरात वाफलचं पीठ भिजवत होती. फळ्या तिच्याच नाउस्टच्या होत्या.

हेर्दिसने ओडवारला पहिल्यांदा गाठलं. हॉटेलच्या खिडकीशी बसून त्याने तीच हकिकत सांगितली जी तो कित्येक वर्षं मुलाखतींतून सांगत आला होता. सिनोव गेली, मग त्या हिवाळ्यात तो तिच्या नाउस्टमध्ये स्वतःला कोंडून घेऊन बसला. चुलीतली काजळी आणि कॉड माशाचं तेल घोटून शाई केली, मोडका कुंचला घेतला आणि डोकं फिरल्यासारखी अक्षरं काढत सुटला. प्रदर्शनाच्या पत्रकातही हेच छापलं होतं. कागद नंतर त्याने गुंडाळून कपाटात टाकले ते वीस वर्षं उघडले नाहीत. बघवतच नव्हते, म्हणाला. तुरीड मागे लागली म्हणून गुंडाळी तशीच पाठवून दिली.

“असली शाई वाळायला किती वेळ लागायचा?” हेर्दिसने सहज विचारलं.

“रात्री काढलं की सकाळी वाळलेलं असायचं.”

तिने मान डोलावली. निघताना त्याने तिला थांबवलं आणि हळूच विचारलं की तिचा भुतांवर विश्वास आहे का. ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, माझाही नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गावभर झालं होतं की सिनोव परत आली. मासळीच्या धक्क्यावर कुणी म्हणे ओली पावलं पाहिली. कुणाला खोपटाच्या जागी उजेड दिसला. हेर्दिसने अफवेचा माग काढला तेव्हा तो थेट युस्टाइनच्या बियरच्या कारखान्यात गेला, आणि त्याने नाकारलंही नाही. या मोसमात त्याची नवी काळी बियर येत होती आणि तिचं नाव होतं ‘द्राउग’, म्हणजे समुद्रात बुडालेल्या माणसाचं भूत.

“भुताने अक्षर काढलं असेल तर मी त्याला नोकरीवर ठेवतो,” युस्टाइन म्हणाला. “पण मी काढलं नाही. मला साधं वर्तुळ येत नाही, हेर्दिस. शाळेत बाई माझी वही दुसऱ्यांना दाखवून हसायच्या.”

अफवा पसरवल्याची त्याला थोडी लाज वाटत असावी, कारण मग तो आपण होऊन बोलत राहिला. त्या अक्षरांचं पहिलं गिऱ्हाईक आपणच, याचा त्याला अभिमान होता. तेव्हा फॉन्ट झालाही नव्हता. ओडवार कागदांची गुंडाळी काखेत मारून आला होता. युस्टाइनला त्यातला Ø आवडला, कारण बियरला त्यांच्या भाषेत ‘øl’ म्हणतात. त्याने त्याचा फोटो काढून घेतला आणि कारखान्याच्या समुद्राकडच्या भिंतीवर दोन मजले उंच पत्र्यावर तो जसाच्या तसा छापून लावला. पुढे ओडवारने डाग-बिग साफ केलेलं अक्षर पाठवलं होतं. युस्टाइनने बदललं नाही. त्याला डागांसकटच बरं वाटायचं.

तुरीडबद्दल हेर्दिसला वेगळीच शंका होती. संग्रहालयात एरवी कुत्रं फिरकत नाही, आणि आता ओस्लोहून दोन पत्रकारांचे फोन येऊन गेले होते. तुरीडला तो रोख कळला. ती रागावली नाही, फक्त म्हणाली की तिला गर्दी हवी होती ती सिनोवच्या आईच्या जिवावर नको होती. मग तिला एक गोष्ट आठवली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी तिने दिवे बदलले होते. आधी उजेड समोरून पडायचा आणि अक्षरं सपाट दिसायची, म्हणून तिने बाजूने तिरपा उजेड सोडला. त्यामुळे शाईचा प्रत्येक पापुद्रा, प्रत्येक ओरखडा वर आला. ओडवार नंतर आला. तासाभराने तो बाहेर पडला तेव्हा भर पावसात, नुसत्या कोटावर, दोन्ही हात खिशात घालून गेला.

“चेहरा कसा होता?”

“भूत पाहिल्यासारखा,” तुरीड म्हणाली, आणि स्वतःच्याच शब्दाने दचकली.

त्या संध्याकाळी हेर्दिस पुन्हा दालनात जाऊन Ø समोर उभी राहिली. तेलकट कड बोटभर आणखी पसरली होती. तिने पेन्सिलीचं टोक काळ्यावर टेकवलं. अजून ओलंच होतं.

४

बोर्गनीचं घर चर्चच्या खालच्या अंगाला होतं. दालनातून हेर्दिस थेट तिथे गेली. म्हातारीने कॉफी ओतली, तपकिरी चीजचे काप पुढे सरकवले आणि हेर्दिसच्या आधी स्वतःच सांगून टाकलं की कागद तिने घेतलेला नाही.

“मला ती अक्षरं कधी आवडलीच नाहीत, पोरी. माझी मुलगी गेली आणि तिच्या दुःखाच्या त्याने पाट्या केल्या. वाण्याकडे गेले तरी तेच, बसमध्ये बसले तरी तेच. पण नाउस्टची किल्ली मीच त्याला दिली होती. वाटलं, रडायला जागा हवी असेल.”

हेर्दिसने सिनोवबद्दल विचारलं. बोर्गनी सावकाश बोलत गेली. पोरगी हट्टी होती. मुकाट्याने कामं करायची, झाल्यावरच सांगायची. त्या शेवटच्या शरद ऋतूत तर नाउस्टमध्येच असायची, दार आतून लावून. घरातलं नासलेलं दूध रोज भांड्यातून तिकडे न्यायची. म्हातारीला वाटायचं मांजर पाळलंय, पण मांजर कधी दिसलं नाही.

मग ती उठली आणि पेटीतून लोकरीच्या हातमोज्यांचा एक जोड घेऊन आली. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्ध्यातच बंद केलेलं होतं. सोळाव्या वर्षी सिनोवचं ते बोट जाळं ओढायच्या यंत्रात सापडलं होतं. तेव्हापासून आई तिचे मोजे असेच विणायची.

“लोक काय म्हणतात ते तुला ठाऊक असेल,” बोर्गनी म्हणाली. “की ती आपणहून गेली. हवा वाईट होती, तिला हवेतलं कळत होतं, तरी गेली. माझ्या तोंडावर कुणी म्हटलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही. कुणाला विचारणार?”

ती मोज्यांची परत घडी घालू लागली. 

बाहेर पडली तेव्हा अंधारून आलं होतं आणि धुकं जरा विरळ झालं होतं. रस्ता खाडीच्या कडेने जात होता. पलीकडच्या काठावर कारखान्याचे दिवे लागले आणि धुक्यातून तो दोन मजली Ø वर आला. रोज पाहिलेला. जवळून पाहिला तर नुसता काळा पत्रा आणि पांढरे डाग. हेर्दिसने त्याला इतक्या लांबून, पाण्यापलीकडून, आज पहिल्यांदा नीट पाहिलं.

गोलाच्या खालच्या अंगाला जिथे फटकारा सगळ्यात जाड होता, तिथले ते पांढरे डाग डाग नव्हते.

तो पंजा होता. डावा. पसरलेली बोटं, आणि करंगळीशेजारचं बोट अर्ध्यात संपलेलं.

ती तिथेच उभी राहिली. भोंगा एकदा वाजून गेला. वीस वर्षं आख्खं गाव त्या हाताखालून येत-जात होतं.

५

सकाळी तिने चौघांनाही दालनात बोलावलं. फोटोवाला आपलं काम आटपून बाजूला उभा राहिला. टेबलावर तिने घरून आणलेले दोन कागद ठेवले. दोन्हींवर रात्री तिनेच काढलेला एकेक वेडावाकडा गोल होता.

ती म्हणाली की पहिल्यापासून सगळे एकच प्रश्न विचारत होते, ओलं अक्षर ठेवून कुणाला घाबरवायचं होतं. तिथेच चूक होत होती. कुणालाच घाबरवायचं नव्हतं. ते कुणाच्या लक्षातच यायला नको होतं. ज्याने बदललं त्याची खात्री होती की सकाळपर्यंत शाई वाळेल. तुरीडने हात लावला नसता तर परवाच इथे वाफल खाल्ले गेले असते.

“हा गोल काजळी आणि कॉडच्या तेलाचा,” तिने पहिला कागद पुढे केला. त्याच्याभोवती पिवळी कड होती आणि काळा रंग चकाकत होता. “पत्रकात छापलंय तसा. हा आठवडाभर वाळणार नाही, आणि तेलाची कड तर वाढतच जाणार. आता भिंतीवरचे जुने कागद बघा. वीस वर्षं झाली, एकाच्याही कडेला तेल नाही. त्या शाईत तेल कधी नव्हतंच.”

दुसरा कागद कोरडा, मंद काळा, कडेपर्यंत पांढरा होता. त्यात काजळी होती आणि नासलेलं दूध. तिची कॉफी संपायच्या आत तो वाळला होता.

बोर्गनीचा हात तोंडाशी गेला.

“ज्याने ही अक्षरं काढली त्याला शाई कशाची हे ठाऊक असणार,” हेर्दिस म्हणाली. “नवा Ø काढणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. त्याने पत्रकावर विश्वास ठेवला. तुरीडने किंवा युस्टाइननेही ठेवला असता. पण सकाळपर्यंत वाळतं असं मला ठामपणे सांगणारा एकच आहे, ओडवार, आणि तो तू आहेस. तुला अंदाज होता, अनुभव नव्हता.”

ओडवार भिंतीकडे पाहत होता. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी काय झालं तेही तिने सांगितलं. वीस वर्षांनी त्याने ते कागद उलगडलेले पाहिले, आणि तेही तिरप्या उजेडात. कॉम्प्युटरवर त्याने ज्याला डाग समजून पुसलं होतं ते त्याला पहिल्यांदा ओळखू आलं. ओल्या शाईवर टेकलेला सिनोवचा अर्ध्या बोटाचा हात. शाई ओली असताना ती जिवंत होती, म्हणजे तिच्यामागे हिवाळाभर बसून त्याने अक्षरं काढली ही हकिकत तिथेच संपत होती. कागद बाहेर नेता आला नाही, तो कोटाखाली मावणारा नव्हता. आणि न्यायची गरजही नव्हती, कारण प्रदर्शन संपल्यावर सगळे कागद त्याच्याकडेच परत जाणार होते.

ती भिंतीजवळ गेली आणि नव्या कागदाचे वरचे दोन खिळे उपटले. कागद पुढे झुकला. त्याच्यामागे, त्याच फळीवर, जुना Ø होता. तेल वरून झिरपून त्याच्या एका कोपऱ्याला लागलं होतं. पंजा मात्र तसाच होता.

बोर्गनी पुढे आली. कुणी तिला अडवलं नाही. कागदाला तिने हात लावला नाही, नुसती जवळ उभी राहिली, जसं कुणी झोपलेल्या माणसापाशी उभं राहावं.

“तिच्या मागे मला नाउस्टमध्ये ते सापडले,” ओडवार म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता. “नववर्षाच्या दिवशी कुणीतरी घरी आलं, पाहिलं, म्हणालं काय काढलंयस तू. मी बोललो नाही. तेवढंच केलं मी, बोललो नाही. मग दुसऱ्याने विचारलं. मग वर्तमानपत्राने. परवा ओलं अक्षर सापडलं तेव्हा काय म्हणावं सुचेना, म्हणून तिचं नाव घेतलं. तेवढं एक खरं होतं.”

युस्टाइनने टोपी काढून हातात धरली. ‘द्राउग’ बियर बाजारात आणायचा विचार त्याने त्याच क्षणी सोडला असावा, कारण पुढे ती कधी आलीच नाही.

६

कायद्याने पाहिलं तर हेर्दिसच्या हाती फारसं काही नव्हतं. कागद संग्रहालयाबाहेर गेला नव्हता. तो सिनोवचा, म्हणजे तिच्या आईचा, एवढं मात्र ओडवारने त्याच दुपारी लिहून दिलं, आणि फॉन्टवरचं आपलं नाव काढायला कंपनीला कळवलं. प्रदर्शन उघडलं तेव्हा दारावर सिनोवचं नाव होतं.

पण ओडवार निघायच्या दिवशी सकाळी बोर्गनीने हेर्दिसला निरोप धाडला की त्याला घरी घेऊन ये. हेर्दिसला वाटलं, आता म्हातारी वीस वर्षांचं सगळं बोलून घेणार. ओडवारलाही तसंच वाटत असावं. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि कोट काढला नाही.

बोर्गनीने कॉफी ओतली. त्यालाही ओतली.

“मला एकच सांग,” ती म्हणाली. “ती तुझ्याशी बोलायची. मला कळत नाही ते हे, की तिने आख्खी वर्णमाला का काढली? कुणी चित्र काढतं, कुणी पाटी काढतं. नुसती अक्षरं कशाला?”

ओडवारने चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. ती हेच विचारेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

“होडीसाठी,” तो म्हणाला. “होडीला नाव रंगवायचं होतं. पण नाव ठरेना. आज एक, उद्या दुसरं. मग वैतागून म्हणाली, सगळीच अक्षरं काढून ठेवते, वसंतात जे ठरेल ते जुळवू. त्या दिवशीही ती रंगाचा डबा आणायला पलीकडच्या बेटावर गेली होती. हवा फिरली. जाताना हवा चांगली होती, बोर्गनी. परतताना फिरली.”

 म्हातारीने कप खाली ठेवला.

“रंग आणायला,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि वसंतात नाव घालणार होती.”

“हो.”

“हे तू वीस वर्षं मला सांगितलं नाहीस.”

 हे सांगितलं असतं तर अक्षरं कुणाची तेही सांगावं लागलं असतं. हेर्दिसला वाटलं, कागदाची चोरी काहीच नव्हती. खरी चोरी ही होती.

बोर्गनी खिडकीबाहेर बघत होती. मग तिने विचारलं, की कुठली कुठली नावं होती.

त्याने आठवतील तेवढी सांगितली. एका पाणपक्ष्याचं, एका खडकाचं, तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं. मग तो अडखळला.

“तुमचंही होतं. दोन दिवस तेच पक्कं होतं. मग म्हणाली, नको, आईला आवडायचं नाही. उगाच बोलेल.”

म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तिने टेबलावरचे सिनोवचे हातमोजे उचलले, ते अर्ध्या बोटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं.

“बोलले असते,” ती म्हणाली. “खूप बोलले असते.”